पहिल्या तीन दिवसांचे इंधन
नवजात अर्भकाच्या मेद-चयापचयाची तपासणी भारतात अजूनही जन्मस्थळाच्या नशिबावर अवलंबून आहे

भारतात दर हजार जिवंत जन्मांमागे २० अर्भके पहिला महिना पूर्ण होण्याआधीच दगावतात, अशी नोंद २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत झाली. २००० साली हाच आकडा ४४ होता. रुग्णालयांत होणाऱ्या प्रसूतींचे वाढलेले प्रमाण, जिल्हा रुग्णालयांतील विशेष नवजात काळजी कक्ष आणि आशा कार्यकर्तींच्या घरभेटी यांचे हे श्रेय आहे, यात शंका नाही. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मतः गुदमरणे आणि जंतुसंसर्ग ही बालमृत्यूची तीन मोठी कारणे आता ओळखीची झाली आहेत आणि त्यांवरचे उपायही ठाऊक आहेत. मात्र हा आकडा जसजसा खाली येतो, तसतसा उरलेल्या मृत्यूंमध्ये आजवर नावही न मिळालेल्या कारणांचा वाटा वाढत जातो. पूर्ण दिवसांचे, चांगल्या वजनाचे, अंगावर नीट पिणारे बाळ तिसऱ्या दिवशी किंवा सहाव्या महिन्यात एखाद्या साध्या तापानंतर अचानक सुस्त होते, त्याला झटके येतात आणि काही तासांत ते जाते. कागदावर ‘जंतुदोष’ किंवा ‘आकस्मिक मृत्यू’ अशी नोंद होते आणि प्रकरण मिटते. अशा काही बाळांच्या शरीरात मेदाचे इंधन जाळणारी यंत्रणाच जन्मतः अपुरी असते. ही उणीव रक्ताच्या काही थेंबांतून ओळखता येते आणि बऱ्याच प्रकारांत अगदी साध्या उपायांनी बाळ वाचवता येते. तरीही ही तपासणी देशातील बहुसंख्य अर्भकांच्या वाट्याला येत नाही.

गर्भातील साठवण

या प्रश्नाचे गांभीर्य समजण्यासाठी गर्भातील अर्भक कशावर जगते, हे पाहावे लागते. गर्भाचे मुख्य इंधन म्हणजे आईच्या रक्तातून वारेमार्फत अखंड येणारे ग्लुकोज. त्याच्या जोडीला लॅक्टेट आणि अमिनो आम्ले असतात. मेदाम्लेही वारेतून गर्भाकडे जातात, परंतु त्यांचा उपयोग जाळण्यापेक्षा बांधणीसाठी आणि साठवणीसाठी अधिक होतो. मेंदू आणि डोळ्याचा पडदा यांच्या जडणघडणीला लागणारे डीएचए हे मेदाम्ल वार आईच्या रक्तातून जणू निवडून उचलते. उरलेला मेद त्वचेखाली साठतो आणि ही साठवण प्रामुख्याने गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत होते. त्यामुळे सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या अंगावर मेद जवळजवळ नसतोच, तर पूर्ण दिवसांच्या बाळात तो वजनाच्या सुमारे १२ ते १५ टक्के असतो. इतक्या मेदासह जन्मणारे प्राणी सृष्टीत फार थोडे आहेत.

या साठवणीबाबत पुण्याच्या संशोधनाने जगाला एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयामार्फत १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. वजनातील हा फरक मुख्यतः स्नायू आणि पोटातील अवयव यांत होता, त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने फारसा कमी नव्हता. म्हणजे आपले बाळ दिसायला कृश, पण शरीररचनेने मेदयुक्त असते. केवळ तराजूवरचा आकडा बाळाच्या इंधनसाठ्याविषयी आणि त्याच्या वापराविषयी पुरेसे सांगत नाही, हा त्यातील धडा आहे.

नाळ तुटल्यानंतर

नाळ कापली जाते त्या क्षणी ग्लुकोजचा तो अखंड पुरवठा थांबतो. पहिल्या एक-दोन तासांत बाळाच्या रक्तातील साखर उतरते. यकृतात साठवलेले ग्लायकोजेन कामी येते, पण दूध मिळाले नाही तर ते साधारण अर्ध्या दिवसात संपते. त्याच वेळी ओलेत्या बाळाला गर्भाच्या उबेतून एकदम थंड हवेत यावे लागते आणि त्याला मोठ्यांसारखे कुडकुडून अंग गरम करता येत नाही. मान, खांदे आणि मूत्रपिंडांभोवती असलेला तपकिरी मेद जाळून ते ऊब निर्माण करते.

या काळात शरीराचा सारा कारभार बदलतो. रक्तातील इन्शुलिन उतरते, ग्लुकागॉन आणि अ‍ॅड्रेनलिन चढतात, साठवलेल्या मेदाचे विघटन होऊन मेदाम्ले रक्तात उतरतात. पेशींतील मायटोकॉन्ड्रिया ही त्यांची भट्टी. लांब साखळीच्या मेदाम्लांना या भट्टीत थेट प्रवेश नसतो. कार्निटाइन नावाचा वाहक त्यांना आत नेतो. आत गेल्यावर निरनिराळी विकरे, म्हणजे एन्झाइम, त्या साखळीचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पाडत जातात. लांब साखळीसाठी एक, मध्यम साखळीसाठी दुसरे, आखूड साखळीसाठी तिसरे अशी कामाची वाटणी असते. यकृतात या तुकड्यांपासून कीटोन तयार होतात आणि साखर कमी पडली की मेंदू त्यांवर निभावून नेतो. नवजात बाळाचा मेंदू कीटोन वापरण्यात प्रौढांच्या मेंदूपेक्षा कितीतरी पटीने तरबेज असतो.

आईच्या दुधाचा मेळही याच बदलाशी बसतो. त्यातील जवळजवळ निम्मी ऊर्जा मेदातून येते. गर्भात साखरेवर वाढलेले मूल जन्मानंतर काही तासांतच मेदावर जगायला शिकते. मानवी आयुष्यात चयापचयाचे इतके मोठे स्थित्यंतर इतक्या थोड्या अवधीत पुन्हा कधीच होत नाही.

भट्टीतील तुटलेली कडी

या विकरांपैकी एखादे आनुवंशिक दोषामुळे निकामी असेल, तर गर्भात सहसा काही बिघडत नाही, कारण आईची साखर सांभाळून घेते. जन्मानंतरही बाळ नियमित दूध पीत असेल तोवर सारे सुरळीत भासते. बाळ काही तास उपाशी राहिले, ताप-उलटीमुळे दूध घेईनासे झाले, की साखर संपते, मेद जळत नाही आणि पर्यायी इंधन म्हणून कीटोनही तयार होत नाहीत. मेंदूला एकाच वेळी दोन्ही इंधनांचा तुटवडा पडतो. अर्धवट जळालेली मेदाम्ले साठून यकृत आणि काही प्रकारांत हृदयाचे स्नायू बिघडतात.

मध्यम साखळीच्या विकराची उणीव, म्हणजे ‘एमसीएडी’ दोष, हा या गटातील पाश्चात्त्य देशांत सर्वाधिक आढळणारा विकार आहे. त्याचे निदान वैद्यकाला १९८० च्या दशकाच्या आरंभी होऊ लागले. तपासणी सुरू होण्यापूर्वी या विकाराच्या मुलांपैकी चार-पाचांतील एक पहिल्याच झटक्यात दगावत असे आणि वाचलेल्यांतील काहींच्या मेंदूला कायमची इजा होत असे. याउलट दोष आधी कळला, तर उपचार थक्क करणारे साधे आहेत. बाळाला उपाशी राहू द्यायचे नाही, नवजात काळात दर तीन तासांनी पाजायचे, वाढत्या वयाबरोबर हे अंतर बेताने वाढवायचे आणि आजारपणात तोंडाने काही जात नसेल तर विनाविलंब रुग्णालयात नेऊन शिरेतून ग्लुकोज द्यायचे. अशी मुले शाळेत जातात, खेळतात, संसार करतात. लांब साखळीच्या विकरांचे दोष अधिक कठीण असतात. त्यांत नेहमीचा मेद कमी करून मध्यम साखळीचे तेल द्यावे लागते आणि हृदयाकडे लक्ष ठेवावे लागते. हेच तेल एमसीएडी दोषात मात्र वर्ज्य असते. नेमके निदान का हवे, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

गर्भाच्या या दोषाची झळ काही वेळा आईलाही बसते. लांब साखळीची मेदाम्ले फोडणाऱ्या ‘एलसीएचएडी’ या विकराची उणीव गर्भात असेल, तर आईला शेवटच्या तिमाहीत यकृतात मेद साचण्याचा तीव्र आणि प्राणघातक आजार होऊ शकतो. हा संबंध १९९० च्या दशकात पुढे आला आणि १९९९ मध्ये अमेरिकी संशोधकांनी तो जनुकीय पुराव्यांनिशी मांडला. वार हा गर्भाच्याच जनुकांचा अवयव आहे आणि तीही मेद जाळते, हे त्यातून ध्यानात आले. गरोदरपणात असा यकृतविकार झालेल्या स्त्रीच्या बाळाची ही तपासणी तातडीने व्हायला हवी. आपल्याकडे आई एका विभागात आणि बाळ दुसऱ्या विभागात दाखल होते, दोन्ही केसपेपर एकत्र वाचले जातातच असे नाही.

टाचेतील थेंब

पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी त्याचा लेख लिहून जाते, अशी समजूत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आधुनिक वैद्यकाने त्यातील काही ओळी पाचवीच्या आधीच वाचण्याची सोय केली आहे. अमेरिकेतील रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी बाळाच्या टाचेतील रक्ताचे थेंब गाळणकागदावर वाळवून फिनाइलकीटोन्युरिया हा विकार शोधण्याची पद्धत रूढ केली. पुढे ड्यूक विद्यापीठात डेव्हिड मिलिंग्टन आणि सहकाऱ्यांनी टँडम मास स्पेक्ट्रोमेट्री हे तंत्र त्याच कागदावरील रक्ताला लावले. कार्निटाइनला कोणत्या लांबीची मेदाम्ले चिकटून राहिली आहेत, हे यंत्र मोजते. आठ कार्बनची साखळी साचलेली असेल तर एमसीएडी, चौदा कार्बनची असेल तर अतिलांब साखळीचे विकर, अशी दिशा कळते. एका छोट्या ठिपक्यातून काही मिनिटांत डझनावारी विकारांची चाळणी होते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याने १९९७ मध्ये या तंत्राचा वापर सुरू केला. इंग्लंडमध्ये २००९ पर्यंत एमसीएडी तपासणी सर्व नवजातांसाठी लागू झाली.

या चाचणीत वेळेला फार महत्त्व आहे. नमुना साधारणपणे जन्मानंतर २४ ते ७२ तासांत घ्यावा लागतो. बाळाचे शरीर या काळात मेदावर भिस्त ठेवून असते, त्यामुळे दोषाची खूण रक्तात ठळक उमटते. पुढे दूध भरपूर मिळू लागले की लांब साखळीच्या काही दोषांच्या खुणा फिक्या होतात आणि चाचणी फसू शकते.

भारताचे चित्र

भारतात या दिशेने प्रयत्नच झाले नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८० च्या दशकात बंगळूर येथे लाखाहून अधिक नवजातांच्या अमिनो आम्ल विकारांची चाळणी झाली होती. गोव्याने २००८ मध्ये सार्वजनिक रुग्णालयांत विस्तृत नवजात तपासणी सुरू करून देशात पुढाकार घेतला. केरळ आणि चंदीगड यांनी मोजक्या विकारांवर लक्ष केंद्रित केले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईसह पाच महानगरांत एक लाखाहून अधिक बाळांची तपासणी केली. तीत जन्मजात थायरॉइड न्यूनता दर ११३० बाळांमागे एकात आढळली. मात्र या पाहणीत मेदाम्लांच्या विकारांचा समावेश नव्हता.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा जन्मवेळच्या तपासणीतील भर मुख्यतः डोळ्यांना दिसणाऱ्या दोषांवर आहे. फाटलेला ओठ, वाकडे पाऊल, मणक्याचा दोष त्यातून सापडतात. रक्तात दडलेला दोष सापडत नाही. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाने उपचारांसाठी अर्थसाह्याची वाट मोकळी केली, मुंबईचे केईएम रुग्णालय त्यातील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. परंतु अर्थसाह्य निदानानंतरच मिळते आणि निदानाची सार्वत्रिक व्यवस्था नाही. परिणामी महानगरांतील खासगी प्रसूतिगृहात काही हजार रुपये मोजून ही चाचणी होते, तर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या आईबापांच्या कानी तिचे नावही पडत नाही.

आक्षेप आणि त्यांचे मोल

सार्वत्रिक चाचणीवर घेतले जाणारे आक्षेप उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप आकडेवारीचा. अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांत मेदाम्ल विघटनाचे सर्व दोष मिळून साधारण नऊ-दहा हजार बाळांमागे एकात आढळतात. एमसीएडी दोषाचे तेथील प्रमाण मुख्यतः उत्तर युरोपीय वंशात पसरलेल्या एका विशिष्ट जनुकीय बदलामुळे मोठे आहे. भारतात तेच प्रमाण गृहीत धरणे चुकीचे ठरेल. मात्र त्याच्या निम्मे धरले, तरी वर्षाला सव्वादोन कोटींहून अधिक जन्म होणाऱ्या देशात हजाराहून अधिक बाळे या धोक्यात असतील. शिवाय हे विकार आई आणि वडील या दोघांकडून सदोष जनुक आल्यासच होतात आणि अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्याला २५ टक्के धोका असतो. मामाच्या मुलीशी विवाहाची रीत महाराष्ट्राच्या अनेक समाजांत आहे. नात्यातील विवाहांमुळे असे दुर्मीळ दोष ठरावीक कुटुंबांत एकवटतात. ‘या घरात मुले टिकत नाहीत’ असे ज्या घराबद्दल बोलले जाते, तेथे दैवाला बोल लावण्याआधी रक्ताची तपासणी व्हायला हवी.

दुसरा आक्षेप अग्रक्रमाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत झाल्याचे दिसते, पण जन्मानंतर तासाभरात स्तनपान मिळालेली बाळे केवळ ४१.८ टक्के आहेत. पहिल्या तासात पाजणे आणि आईच्या उराशी बाळाला ऊब देणे यांचा लाभ प्रत्येक बाळाला होतो, मेदाचे विघटन बिघडलेल्या बाळाला तर अधिकच. चीक टाकून देऊन मध किंवा गुळाचे पाणी चाटवण्याची प्रथा दोन्ही बाजूंनी घातक ठरते. तेव्हा यंत्रे घेण्याआधी हे साधावे, हे म्हणणे रास्त आहे. परंतु या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. दूध वेळेवर पाजण्याने संकट पुढे ढकलले जाते, टळत नाही. सहा महिन्यांनी बाळ रात्रभर झोपू लागते, घरचे त्याच्या शहाणपणाचे कौतुक करतात आणि निरोगी बाळाच्या बाबतीत ते योग्यही असते. सदोष विकर असलेल्या बाळाला मात्र तापातली अशीच एक लांब रात्र पुरते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. चाळणीत बाळ सापडले, पण पुढे खात्रीची चाचणी, आहारतज्ज्ञ आणि तातडीचा उपचार नसेल, तर आईबापांच्या पदरी केवळ भीती पडते. चाळणीत संशयित ठरलेली अनेक बाळे पुढे निरोगी निघतात, त्यांच्या घरांचा जीव टांगणीला लागतो तो वेगळाच. उपचाराची सोय असल्याशिवाय चाळणी तपासणी करू नये, हे तत्त्व जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्येच प्रसिद्ध केले होते. इंग्लंडने २०१५ मध्ये आपली यादी वाढवली, तेव्हाही मेदाम्लांच्या विकारांपैकी एमसीएडीखेरीज दुसरा त्यात घेतला नाही. अमेरिकेची यादी मात्र पाच-सहा दोषांची आहे. थोडक्यात, कोणा एका देशाची यादी जशीच्या तशी उचलून चालणार नाही.

करता येण्याजोगे

यातून मार्ग काढायचा तर तो टप्प्याटप्प्याने आणि आहे त्या यंत्रणेतूनच काढावा लागेल. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली माता प्रसूतीनंतर ४८ तास रुग्णालयात राहणे अपेक्षित आहे. नमुना घेण्याची योग्य वेळ नेमकी त्यातच येते. जी माता लवकर घरी जाते, तिच्या बाळासाठी आशा कार्यकर्तीची तिसऱ्या दिवशीची ठरलेली घरभेट आहे. नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याची ही पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत सिद्ध केली आणि २०११ मध्ये केंद्राने ती देशभर स्वीकारली. त्यामुळे तिचा विस्तार करण्याचा नैतिक अधिकार महाराष्ट्राला अधिक आहे. वाळलेला कागद साध्या पाकिटातून प्रयोगशाळेत जाऊ शकतो. प्रत्येक जिल्ह्यात यंत्राची गरज नाही, राज्यात एक-दोन केंद्रे पुरतील. आरंभ काही जिल्ह्यांत झाला, तरी आपल्या लोकसंख्येतील खरे प्रमाण प्रथमच हाती येईल. थायरॉइड न्यूनतेची तपासणी प्राधान्याने आणि तिच्याच नमुन्यावर मेदाम्लांची, असा क्रम लावला तर खर्चही आटोक्यात राहील.

त्याहूनही स्वस्त आणि आजच शक्य अशी एक गोष्ट आहे. बेशुद्ध किंवा झटके आलेले बाळ दाखल होताच रक्तातील साखर पाहिली जाते. त्याच वेळी लघवीतील कीटोन पाहावेत आणि उपचाराला विलंब न करता, ग्लुकोज सुरू करतानाच रक्ताचे चार थेंब कागदावर घेऊन ठेवावेत. साखर उतरलेली आणि कीटोन नाहीत, ही जोडी मेदाच्या विघटनातील दोषाकडे बोट दाखवते. बाळ वाचले नाही, तरी तो कागद त्या आईच्या पुढच्या बाळाला वाचवू शकतो. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात हा शिरस्ता घालून देण्यास नव्या कायद्याची गरज नाही, एक परिपत्रक पुरेसे आहे.

नवजात मृत्यूचा दर ४४ वरून २० वर आणताना देशाने मोठ्या कारणांशी लढा दिला. पुढचा उतार लहान लहान कारणांचा आहे आणि त्यांतील प्रत्येक कारण एकेका घरापुरते संपूर्ण असते. गर्भातून बाहेर येताना मूल मेदावर जगण्याची कला आपोआप शिकते, ही निसर्गाची किमया आहे. ज्यांना ती शिकता येत नाही, अशी मूठभर बाळे वेळेवर ओळखणे हे मात्र शासनाचे आणि वैद्यकाचे काम आहे. ते गावाच्या आणि ऐपतीच्या योगायोगावर सोडून देणे पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्याला शोभणारे नाही.